अमानत आणि सातबारा

एप्रिल 2023 मध्ये राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले. तेव्हा भर उन्हात रस्त्यावर आडव्या झालेल्या स्त्रियांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. प्रकल्प हवा की नको, याविषयी एकाच घरात दोन मते असू शकतात. आपल्यापुढील प्रश्न निराळा आहे. जमिनीवर आणि पाण्यावर गदा आली की स्त्रिया पुढे का येतात?

पर्यावरणीय स्त्रीवादाने याचे एक उत्तर दिले आहे. हा शब्द फ्रेंच लेखिका फ्रान्स्वाज द'ओबोन यांनी 1974 मध्ये घडविला. भारतात वंदना शिवा यांनी तो विचार मांडला. निसर्गाला आणि स्त्रीला दास्यात ठेवणारी वृत्ती एकच, हे त्याचे सार. त्यातील एक धारा स्त्रीला जन्मतःच निसर्गाच्या निकट मानते. हे मात्र पटत नाही. स्त्रीला धरणीमाता म्हणून गौरवावे आणि निर्णयाच्या बैठकीला बोलावू नये, ही सोय पुरुषांना फार मानवते! अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी 1992 मध्येच दाखवून दिले की, हे नाते श्रमांतून आणि मालकीतून घडते. कोकणात ते उघड दिसते. घरचा पुरुष आखातात. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागला की चिंता घरातील स्त्रीला. साखरी नाटे बंदरात मासळी कमी उतरली, तर चुलीचा हिशेब तिलाच जुळवावा लागतो.

पवित्र कुरआनने मनुष्याला पृथ्वीवरील खलीफा म्हटले आहे. जमिनीवर व समुद्रात माजलेला बिघाड ही माणसांच्याच हातांची कमाई आहे, असे सूरह रूममध्ये सांगितले आहे. सूरह तौबा श्रद्धावान पुरुष आणि स्त्रिया यांना परस्परांचे सहायक ठरवते आणि भल्याचा आदेश देण्याचे, वाइटाला रोखण्याचे काम दोघांवर सोपवते. म्हणजे सृष्टीचे रक्षण ही स्त्रीची उपजत माया नव्हे. ती दोघांवरील अमानत आहे आणि कयामतच्या दिवशी जाब दोघांनाही द्यायचा आहे.

पण भूसंपादनाची नोटीस सातबाऱ्यावरील नावाला येते. सूरह निसाने मुलीचा वाटा निश्चित केला आहे, मग मालमत्ता थोडी असो वा फार. तरीही वडिलांच्या पश्चात बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. नमाज-रोज्यात काटेकोर असणारी घरेही येथे सैल पडतात. पुढे त्याच जमिनीचा, कलमांचा, विहिरीचा सौदा होताना तिला विचारण्याचे कोणाला कारण उरत नाही.

आपल्या घरचा सातबारा एकदा काढून पाहा. फूफीचे नाव कब्जेदारांत आहे, की 'इतर हक्कां'च्या रकान्यात ढकललेले आहे, की कोठेच नाही?