शरीर कोणाच्या नावावर?

‘माझं शरीर आहे, मी त्याचं काहीही करीन!’ असं म्हणत आमचे एक सहकारी भज्यांची दुसरी प्लेट मागवतात. मुद्दा बिनतोड वाटतो. पण वीस वर्षं दुसऱ्यांची खाती सांभाळलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला वेगळीच शंका येते. उचल एकट्याची, हे कबूल. पण उद्या रक्तदाबानं हे गृहस्थ अंथरुणाला खिळले, तर वसुली कोणाकडून? पथ्याचं रांधणारी बायको, बिनपगारी रजा काढणारा मुलगा... सही न करताच सगळे जामीनदार!

बरं, हप्ता तरी केवढा? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चाला म्हणते, आणि मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, पापड-लोणचं धरून! रोजच्या दहा हजार पावलांचं दडपण नको. तो आकडा १९६५ सालच्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून आलाय, वेदांतून नव्हे.

यात दीर्घायुष्याची हमी नाही. पण जामीनदारांना न विचारता खातं बुडवायचा हक्क आपल्याला आहे का हो? उत्तर सापडेपर्यंत मी आपला चालतोय.