मध्यस्थाचे पुढे काय होते?

अनोळखी जीव आपल्या हद्दीत शिरला तर त्याच्याशी कसे वागायचे, हा धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे. आजच्या किशोरवयीन मुलांसमोर तो बहुतेकदा पडद्यावरून येतो. नेटफ्लिक्सवर २०१६ पासून गाजलेली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही विज्ञानकथा-मालिका घ्या. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातले हॉकिन्स नावाचे काल्पनिक गाव, गावाला लागून जंगल, जवळच सरकारी प्रयोगशाळा, साल १९८३. रात्री सायकलवरून घरी निघालेला विल हा मुलगा जंगलालगतच्या रस्त्यावर एका अनोळखी जीवाला पाहून घरी पळतो आणि घराजवळूनच नाहीसा होतो. प्रयोगशाळेत दुसऱ्याच एका जगाचे दार उघडले गेलेले असते. तिथला डेमोगॉर्गन हा हिंस्र जीव इकडे येऊन माणसे ओढून नेत असतो आणि विलचे शाळकरी मित्र त्याच्या शोधाला लागतात. माध्यम-अभ्यासाच्या वर्गात ही मालिका शिकवणे सोपे जाते, कारण तिथल्या नेहमीच्या मांडण्या तिला चपखल लागू पडतात. त्स्वेतान तोदोरोव्हने सांगितल्याप्रमाणे स्वस्थ गाव विस्कटते आणि पुन्हा सावरते. व्लादिमीर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन परीकथांतून काढलेले नायक, खलनायक, साहाय्यक ओळीने सापडतात. आणि क्लोद लेव्ही-स्त्रोसच्या नावाने विरोधी जोड्यांचा तक्ता फळ्यावर काढता येतो: गाव आणि जंगल, उजेड आणि अंधार, माणूस आणि राक्षस. चंद्रपूर-गडचिरोलीत बसून हा तक्ता वाचला की पहिलीच जोडी खटकते. जिथे मोहफुले, तेंदूपत्ता, बांबू आणि सरपण यांच्यावर घरे चालतात, तिथे जंगल ‘पलीकडचे’ म्हणायचे ते कोणी?

हे खटकणे स्थानिक अभिमान म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण ते थेट लेव्ही-स्त्रोसच्या मूळ विचाराकडे नेते. मिथकांच्या संरचनेवरचा त्याचा निबंध १९५५ चा. त्यात तो जोड्या मांडून थांबत नाही. मनाला न सुटणाऱ्या विरोधातून मिथक निघते आणि तो विरोध सोसण्याजोगा व्हावा म्हणून दोन्ही टोकांच्या मध्ये कोणाला तरी उभे करते, असे तो म्हणतो. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी कथांत कोयोट आणि डोमकावळा यांना एवढे महत्त्व का? शिकारी प्राणी मारून खातो, गवत खाणारा कोणाला मारत नाही. मेलेले खाणारा या दोघांच्या मध्ये पडतो: तो मांस खातो, पण ते मिळवायला मारत नाही. म्हणून जीवन आणि मृत्यू यांच्यातला मध्यस्थ होण्याचा मान त्याला मिळतो. आपल्या पाठ्यपुस्तकी माध्यम-अभ्यासाने जोड्या तेवढ्या उचलल्या आणि हा मध्यस्थ गाळला. माझ्या मते ही साधी काटछाट नाही. विरोधी जोड्या तर जवळजवळ प्रत्येक कथेत असतात. कथेची नीती समजते ती मध्यस्थाचे ती शेवटी काय करते यावरून, आणि तोच वगळला तर परक्याविषयी कथा काय शिकवते हे विचारण्याची सोयच उरत नाही.

या दृष्टीने मालिकेचा २०१७ मधला दुसरा भाग पाहावा. डस्टिन या मुलाला कचऱ्याच्या डब्यात बेडकाच्या पिल्लासारखा एक जीव सापडतो. तो त्याला घरी आणतो, डार्टान्यान असे नाव ठेवतो, लाडाने डार्ट म्हणतो, चॉकलेट खाऊ घालतो. डार्ट मोठा होतो, घरातले मांजर खातो आणि तो पलीकडच्या जगातला हिंस्र जीव असल्याचे कळून चुकते. पुढे भुयारात मुलांची वाट हाच डार्ट अडवतो. डस्टिन पुढे होतो, बोलतो, पुन्हा तेच चॉकलेट देतो, आणि डार्ट त्यांना जाऊ देतो. सगळ्या मालिकेत मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. शस्त्राने किंवा शक्तीने न मिळालेली वाट इथे अन्न आणि ओळख यांनी मिळते. पण कथेला या घटनेचे काय करायचे ते सुचत नाही. थोड्याच वेळात इलेव्हन ही अद्भुत शक्ती असलेली मुलगी दार बंद करते, पलीकडचे सारे जीव गतप्राण होतात आणि त्यांत डार्टही जातो. गाव सावरले असे आपण मानायचे. यावर कोणी म्हणेल की इलेव्हनही मध्यस्थच आहे, आणि तिला तर जन्माचा दाखला मिळतो, घर मिळते, शाळेतल्या नाचाच्या कार्यक्रमात मित्र मिळतात. हे खरे आहे आणि मालिकेच्या बाजूने ते नोंदवलेच पाहिजे. पण इलेव्हन दिसायला आपल्यासारखी आहे आणि तिला उघडपणे समाजात घेतले जाते ते तिने दार बंद करून दिल्यानंतर. ज्याचे रूप वेगळे आणि ज्याचा उपयोग संपला, त्या डार्टसाठी तसा दाखला नाही.

आता याच प्रश्नाला चंद्रपूरच्या जंगलाने दिलेले उत्तर पाहू. ताडोबा हे नाव आज अभयारण्याचे, सफारीचे, जिप्सीचे झाले आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये अंधारीसह व्याघ्र प्रकल्प झाला. पण मूळचा ताडोबा हा देव आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला, लोकांनी त्याला देव मानले आणि तलावाकाठी झाडाखाली त्याचे ठाणे मांडले, अशी कथा आहे. तिथे पौषात यात्रा भरत असे. तोदोरोव्हच्या भाषेत घडी विस्कटली ती वाघामुळे. सावरताना मात्र वाघाला मारल्याचा किंवा जंगलाचे दार लावल्याचा प्रसंग कथेत येत नाही. वाघाने मारलेला माणूसच जंगलातला देव होतो. तो मेलेला आहे आणि जागृतही, माणूस आहे आणि जंगलाचाही. लेव्ही-स्त्रोसला हवा तसा मध्यस्थ! शिवाय त्याला कायमची जागा दिली आहे, वर्षातून एकदा त्याच्याकडे जायचे ठरवले आहे. गोंड समाजात कुळे देवांच्या संख्येने ओळखली जातात आणि अनेक कुळे एखाद्या प्राण्याशी किंवा झाडाशी नाते मानून त्याला इजा करत नाहीत. त्या विचारविश्वात ही कथा सहज बसते. सावरणे म्हणजे आधीची स्थिती परत आणणे, असे इथे कोणी मानत नाही. तोदोरोव्हनेही दुसरा समतोल पहिल्यासारखा नसतो असेच म्हटले होते.

एक आक्षेप असा: डेमोगॉर्गन कल्पित आहे, वाघ खरा आहे, यांची तुलना कशाला? पण कल्पित राक्षस ज्या ठिकाणाहून येतो ते ठिकाण मुले मनात साठवतात, आणि या मालिकेत ते जंगल आहे. एकच कार्यक्रम वेगवेगळ्या जागी बसलेले प्रेक्षक वेगळ्या अर्थाने उलगडतात, हे स्टुअर्ट हॉलने १९७३ मध्येच मांडले. त्याच हिशेबाने इथला प्रेक्षक मालिकेत दडलेली दुसरी गोष्ट वाचू शकतो: दार जंगलाने उघडलेले नव्हते, प्रयोगशाळेने उघडले होते. याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात याचा पडताळा मिळाला आहे. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या रात्री, आकाशातून पेटत्या रेघा गेल्या आणि लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. नंतर तालुक्यात धातूचे गोळेही सापडले. हे चीनच्या लाँग मार्च अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. परग्रहाची गोष्ट वाटावी असे जे खरोखर वरून आले, ते माणसाच्याच प्रयोगाचे उरलेसुरले होते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. देव मानल्याने वाघ मारायचा थांबत नाही. मोह वेचायला पहाटे गेलेली बाई परत येत नाही, तेव्हा तिच्या घरच्यांना मध्यस्थाचे तत्त्वज्ञान सांगणे क्रूरपणा ठरेल. तो मी करणार नाही. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा भागांत तेरा माणसे मारणाऱ्या सीटी-वन या वाघाला ऑक्टोबर २०२२ मध्ये वनखात्याने बेशुद्ध करून पकडले. ते करायलाच हवे होते, आणि गावकऱ्यांची मागणी न्याय्य होती. पण त्या मागणीचा नेमका आकार पाहावा. ती एका वाघासाठी होती. जंगल मिटवा, सगळे वाघ संपवा, असे तिच्यात नव्हते. मोह आणि तेंदूच्या हंगामात त्याच जंगलात शिरायचे असते, त्यामुळे अमुक जीव धोक्याचा झाला आणि अमुक दिशा राक्षसांची आहे, या दोन विधानांतले अंतर इथल्या माणसाला रोज पाळावे लागते. तारूची कथा वाघापासून वाचवत नाही. ती हे अंतर पुसू देत नाही, आणि धर्माकडून इतकी अपेक्षा ठेवणे मला रास्त वाटते.

म्हणून गोंडवाना मुलखातल्या एखाद्या महाविद्यालयात ही मालिका शिकवायला घेतली, तर विरोधी जोड्यांच्या तक्त्यात मधोमध तिसरा रकाना काढावा. त्यात डार्ट येईल, इलेव्हन येईल, पलीकडचे काहीतरी अंगात घेऊन परतलेला विलही येईल, आणि प्रत्येकाच्या नावापुढे कथेने त्याचे शेवटी काय केले ते विद्यार्थ्यांना लिहावे लागेल.