खर्जाची तार

पहाटे पंखा बंद करून बसा. तानपुरा उभा धरा. घरात नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्या शेजारी जाऊन बसा. एवढ्या एका गोष्टीसाठी कुणाकडे पहाटे जायला संकोच करू नये, असं मला मनापासून वाटतं.

अजून काही छेडू नका. आधी खोलीतल्या हवेकडे लक्ष द्या. ती स्तब्ध वाटते. पण तिचा कण न् कण धावतो आहे, सेकंदाला सरासरी साडेचारशे मीटरहून अधिक वेगाने, आणि दिशा कुणाचीच ठरलेली नाही. केसाच्या जाडीइतकंही अंतर कापायच्या आत ते एकमेकांवर आपटतात, वळतात, पुन्हा आपटतात. या धावपळीला आपण शांतता म्हणतो. त्या शांततेत एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता शेवटची तार, खर्जाची, तर्जनीने अलगद छेडा. एकदाच.

बोट बाजूला घेऊन तारेकडे पाहा. तिची रेघ राहिलेली नाही. मधोमध फुगलेली धूसर पितळी पट्टी झाली आहे. षड्ज काळी एकचा असेल, तर ही तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा जाते-येते. तार बारीक, तिला एकटीला हवा फारशी ढकलता येत नाही. घोडीवाटे ती तबलीला हलवते, आणि तबली हवेला. तबली बाहेर येते तेव्हा समोरची हवा दाटते, आत जाते तेव्हा विरळ होते. दाट, विरळ. दाट, विरळ.

इथे जरा थांबू. तबलीजवळची ती हवा तुमच्या कानापर्यंत येत नाही. पंढरपूरच्या दर्शनबारीत जे उभे राहिले आहेत त्यांना हे अंगानेच ठाऊक आहे. मागून कुठून तरी रेटा येतो, पाठीला खांदा लागतो, तुम्ही पुढच्यावर कलता आणि पुन्हा आपल्या पावलांवर येता. रेटा पुढे निघून जातो, तुम्ही होता तिथेच. हवेचे कण तसेच. साध्या बोलण्याने ते जागचे सरकतात केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी, आणि परततात. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात तर हे सरकणं अणूच्या व्यासापेक्षाही लहान असतं. कान एवढं टिपतो, याचं आश्चर्य माझ्यासाठी कधी जुनं झालेलं नाही.

रेटा नेणारे ते धावणारे कणच, मग तो त्यांच्याहून वेगाने जाणार कसा? २५ अंश सेल्सिअसला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो, कणांच्या वेगाहून थोडा कमी. हवा तापली की कण जोराने धावतात, आणि अंशामागे हा वेग साधारण ०.६ मीटरने वाढतो. आणि कणच काढून घेतले तर? १६६० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत रॉबर्ट बॉईल यांनी काचेच्या भांड्यात घड्याळ टांगून हवा उपसत नेली. टिकटिक क्षीण होत गेली.

पुन्हा खर्ज छेडा. डोळे मिटा. ३४६ ला ६९ ने भागा: एका दाटीपासून पुढच्या दाटीपर्यंत पाच मीटर. बहुतेक घरांतल्या खोलीत ही एक लाट अख्खी मावत नाही. तुम्ही तिच्या पोटात बसला आहात. एवढी लांब लाट दाराच्या चौकटीला सहज वळसा घालते, म्हणून आतल्या खोलीत निजलेल्यांना बारीक झंकार पोचला नाही तरी घुमारा पोचतो.

नाद मावळू लागला की त्याच्या आत गांधार शोधा. घाई करू नका, दहाव्या खेपेला सापडला तरी चालेल. चार तारांपैकी एकही गांधारात लावलेली नाही, तरी तो आहे. तार सबंध हलते तशीच पाच भागांतही हलते, पाचपट झपाट्याने, आणि त्या कंपनाची लाट एक मीटरची. एका खर्जात पाच गांधार ओळीने मावतात. असे अंश प्रत्येक तारेत असतात. इथे ते उजळतात जवारीमुळे. घोडीच्या माथ्याला किंचित उतार आहे, तार हलताना त्यावर टेकते, उचलते, टेकते. तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढे सरकवा. नाद मुका होईल. केसभर मागे घ्या. एका जागी तार एकदम खुलेल. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी नेमकं हेच तपासलं. तार जिथे छेडावी तिथे ज्या कंपनाचा अचल बिंदू पडतो ते कंपन ऐकू येऊ नये, असा नियम होता. तानपुऱ्यात ते स्पष्ट ऐकू येत होतं.

आता कानामागचं हाड दांडीला टेकवा आणि छेडा. मध्ये हवा नाही. लाकडात ध्वनी हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने जातो, आणि तो हाडातून थेट आतल्या कानात उतरतो. दातांतही जाणवेल.

हळूहळू विरू द्या. भिंतीने, पडद्याने, गोधडीने, तुमच्या सदऱ्याने थोडाथोडा शोषून घेतला आहे. तिथे त्याची ऊब झाली, हाताला न कळणारी. हवेचे कण पुन्हा आपापल्या दिशांनी धावताहेत.

मधलं बोट पंचमाच्या तारेवर न्या.