दाढ

आमच्या लोकलच्या ग्रुपातला एकजण डोंबिवलीला चढला की दारातच उभा राहायचा. अठरा वर्षं. आत हलायला जागा असली तरी त्याला दारच लागायचं. 2025च्या पावसाळ्यात तो अचानक आत, पंख्याखाली येऊन उभा राहू लागला. दिवा गेलं की बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळायचा, कळवा आलं की सोडायचा.

9 जूनला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन खच्चून भरलेल्या गाड्या शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली होती. काहींचे जीव गेले. आमच्यातलं कुणी त्या गाड्यांत नव्हतं. पुढचे चार दिवस डब्यात आपोआप बंद होणाऱ्या दारांवर वाद रंगला, दारं बंद झाली तर आत श्वास कसा घ्यायचा इथपर्यंत. भीती वाटली असं मात्र कुणीही म्हणालं नाही. मीही नाही. मी फक्त दारापासून दोन हात लांब सरकलो, कुणाच्या लक्षात येणार नाही इतपत.

पंख्याखाली आलेल्या आमच्या या मित्राच्या छातीत धडधडायचं. ईसीजी काढला, तो स्वच्छ आला. ‘मग याला ठाण्याला उतरवा रे!’ हे वाक्य माझं. डबा हसला. तोही हसला.

ही थट्टा आमच्याकडे बाळकडूसारखी मिळते. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. पुण्याकडे जसं येरवडा, उत्तरेत जसं आग्रा, तसं मुंबईपासून कल्याणपर्यंत ठाणं. गावाला खाडी आहे, तलाव आहेत, 1853 साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथेच येऊन थांबली. पण थट्टेत शिरलं ते त्या रुग्णालयाचं फाटकच. त्याच ठाण्यात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णींनी मनाच्या आरोग्याचं काम उभं केलं आणि संस्थेला नाव दिलं ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’. नावात आजार नाहीच. लोक ‘आयपीएच’ म्हणतात. रिक्षावाल्याला सांगताना आवाज खाली आणावा लागत नाही, ही मला फार मोठी सोय वाटते.

पण लहानपणापासून ती थट्टा ऐकलेल्या माणसाला ठाण्याला उतरायला कारण लागतं. आमचा हा मित्र दर शनिवारी परतताना तिथे उतरू लागला. ‘दाढेचं काम चाललंय.’ तीन महिने! मला त्याच्या खर्चाची काळजी वाटली आणि मी त्याला आमच्या गल्लीतला स्वस्त डेंटिस्ट सुचवला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूचं तोरण, पूजा, आरती, टाळ, सगळं झालं. खोबऱ्याचा प्रसाद फिरला. कुणीतरी म्हणालं, ‘याला नको, दाढ आहे.’ त्याने हात पुढे केला, तुकडा तोंडात टाकला आणि कचकचून चावला. ‘दाढ ठणठणीत आहे. ती नाही दुखत.’ कोपर ते कळवा एवढ्यात त्याने सगळं सांगून टाकलं. गोळी कुठली, झोप कशी लागते, समुपदेशक बाई काय विचारतात. आमच्या भजनातले सर्वांत वयस्कर काका टाळ पिशवीत ठेवता ठेवता म्हणाले, ‘ही गेली तेव्हा माझी दुखली होती. तेव्हा उतरायचं सुचलं नाही रे.’

मी खिडकीबाहेर बघत होतो. धडधड त्याच्या छातीत होती, पण ती घडली होती आमच्या सगळ्यांच्या मधे: त्या गर्दीत, दारांवर बोलायचं आणि भीतीवर नाही या आमच्या अलिखित नियमात, माझ्या त्या विनोदात. आणि तो गप्प झाला तेव्हा याच डब्याने पंख्याखालची जागा न विचारता त्याच्यासाठी राखली, हेही खरं. डॉक्टर झोप विचारतात, भूक विचारतात. कुठली गाडी आणि कुणाबरोबर, हेही विचारत असतील तर बरं.

तेव्हापासून आमच्यात हाच शब्द रुळला. कुणी दोन दिवस गप्प दिसला की फोन जातो, ‘काय रे, दाढ?’ परवा दिवा गेल्यावर त्याने मनगटाला पट्टा गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे पाहिलं. ‘तुझी काय म्हणते?’

‘ठणकतेय,’ मी म्हटलं.

‘शनिवारी उतरू या.’