चमत्कार पारखावा की मुकाट्याने मानावा?



अमुक गावी मरियामातेच्या पुतळ्याच्या डोळ्यांतून अश्रू आले, तमुक प्रार्थनासभेत कर्करोग बरा झाला, असे निरोप आपल्या मोबाईलवर येतात. शेवटी लिहिलेले असते, ‘दहा जणांना पाठवा.’ शंका घेतली तर आपला विश्वास कमी पडतो की काय, अशी भीती वाटते आणि आपण तो पुढे पाठवतो.

मार्च २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागात, वेलंकणी मातेच्या चर्चजवळच्या क्रूसावर येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविक जमले, प्रार्थना झाल्या, ते पाणी पवित्र मानून लोकांनी घरी नेले. बुद्धिवादी सनल एडामारुकू यांनी जागेची पाहणी केली. जवळचे गटार तुंबले होते आणि दिव्याची वात तेल ओढते तसे ते पाणी भिंतीतून वर चढत होते, असे त्यांनी सांगितले. पुढे टीव्हीवरील त्यांच्या बोलण्यावरून धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या. त्याच वर्षी ते फिनलंडला गेले.

त्यांचे बोलणे आपल्याला बोचले असेल. पण बोलणे बोचले म्हणून तुंबलेले गटार मोकळे होत नाही.

आपली ख्रिस्तसभा स्वतः किती सावध असते पाहा. लूर्द येथे १८५८ पासून सात हजारांहून अधिक लोकांनी बरे झाल्याचे नोंदवले. चमत्कार म्हणून मान्य झाले ते सुमारे सत्तर. आजार गंभीर होता का, तो एकाएकी व पूर्ण बरा झाला का, तो उलटला नाही ना, औषधाने तर गुण आला नाही ना, हे सारे डॉक्टर तपासतात. मे २०२४ मध्ये रोमने नवे नियम दिले. त्यांनुसार अशा घटनेची चौकशी झाल्यावरही बिशप सहसा ती ‘दैवी’ असल्याचे जाहीर करत नाहीत. भक्तीला हरकत नाही, एवढेच फार तर सांगतात.

प्रभू येशूनेही कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर ‘जा, याजकाला दाखव’ असेच सांगितले. याजकाचे काम तपासण्याचेच होते. खऱ्या कृपेला तपासणीचे भय नसते.

मात्र उलट टोकालाही जाऊ नये. देव आजही कृती करतो, असा आपला विश्वास आहे. पण ‘कारण सापडले नाही’ आणि ‘हे देवाने केले’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारण्याची घाई नको.

या घाईची किंमत बहुधा आजारी माणूस मोजतो. आपण पाठवलेला निरोप वाचून एखाद्या मावशीने मधुमेहाची औषधे बंद केली तर? तेव्हा आपण केवळ निरोप पाठवणारे राहत नाही. शेजाऱ्याविरुद्ध नकळत खोटी साक्ष देणारे ठरतो.

म्हणून पुढचा निरोप आला की क्षणभर थांबू या. हे कोणी पाहिले? कोणी तपासले? यातून पैसा कोणाला मिळतो? उत्तर नसेल तर तो आपल्यापाशीच थांबू दे. आणि आपल्या वाडीतल्या आजाऱ्यासाठी प्रार्थना करू या, त्याला दवाखान्यातही नेऊ या.