स्निग्धतेचा सौदा

पोळ्यातली राणी आणि कामकरी माशी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून जन्मतात. तरी ऐन हंगामात कामकरी काही आठवड्यांत संपते आणि राणी काही वर्षं जगते. २००७ साली हद्दाद, केल्बर्ट आणि हल्बर्ट या संशोधकांनी दोघींच्या पेशीपटलांतली मेदाम्लं तपासली. कामकरी पराग खाऊ लागली, की तिच्या पटलांत बहु-असंपृक्त मेदाम्लं वाढत होती. कामकऱ्यांनी भरवलेल्या राजान्नावर जगणाऱ्या राणीत ती कमीच राहत होती.

या मेदाम्लांच्या साखळीत एकाहून अधिक द्विबंध असतात. त्यांमुळे साखळी वाकते, पटल लवचिक राहतं आणि त्यातली प्रथिनं चपळपणे काम करतात. पण दोन द्विबंधांमधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निखळतो आणि ऑक्सिडीकरणाची साखळी सुरू होते. जवसाचं तेल खोबरेलाच्या आधी खवट होतं, ते याच रसायनामुळे. ओलेइक आम्लात अशी नाजूक जागा एकही नाही. माशांच्या तेलातल्या डीएचए या मेदाम्लात पाच आहेत. पटल असं खवटलं, की निघणारी द्रव्यं प्रथिनांना आणि डीएनएलाही इजा करतात.

ऑस्ट्रेलियाच्या हल्बर्ट यांनी या रसायनावरून सिद्धान्त मांडला: आयुष्याचा वेग पटलं ठरवतात. उंदराच्याच चणीचा, आफ्रिकेतला केशहीन बिळकरी उंदीर तीस वर्षं जगू शकतो. साधा उंदीर जेमतेम तीन-चार. बिळकऱ्याच्या ऊतींतलं डीएचए साध्या उंदराच्या सुमारे नवव्या हिश्शाएवढंच आढळलं.

अर्थात, दोन गोष्टी जोडीनं दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. शिवाय सस्तन प्राण्यांचं शरीर पटलांतलं संपृक्त-असंपृक्ताचं प्रमाण बरंचसं स्वतःच राखतं. त्यामुळे यातून ‘अमुक तेल खा, शंभर वर्षं जगा’ असा सल्ला काढणं उतावीळपणाचं होईल.

मला जास्त विचारात पाडतो तो मेंदू. ऑक्सिजनचा एवढा मोठा ग्राहक असूनही सस्तन प्राण्यांच्या मेंदूची पटलं डीएचएनं समृद्ध असतात. टिकाऊपणा हेच शरीराचं एकमेव ध्येय असतं, तर सर्वांत आधी इथे काटकसर झाली असती. तशी ती झालेली नाही. पाहणं, आठवणं, विचार करणं यांसाठी शरीरानं धोका पत्करलेला दिसतो. म्हणून वार्धक्याला शरीराची निव्वळ चूक मानून ती दुरुस्त करायला निघालेल्यांनी आधी एवढं विचारावं: वाढवलेल्या वर्षांच्या बदल्यात कुठली चपळाई आपण द्यायला तयार आहोत?