मागच्यासाठी बांधलेली तार

रात्रभर सरी येऊन गेल्या की पहाटे कुंडलिकेच्या पुलावर जाऊन उभं राहायची मला सवय आहे. मागे रोहा, समोर अष्टमी आणि खाली दिवसागणिक गढूळ होत चाललेलं पाणी. जूनचे पहिले दिवस. आज मात्र नदीऐवजी रस्त्याकडेच लक्ष गेलं. पुलाच्या अष्टमीकडच्या तोंडाशी, ओल्या डांबरावर ताटाएवढा एक डाग पसरला होता. जांभळा, हिरवा, मोरपंखी. लहान मुलं त्याला रस्त्यावर पडलेलं इंद्रधनुष्य म्हणतात. दुचाकी चालवणारा माणूस ते रंग पाहून आधी अंग सावरतो, कारण ते कुणाच्या तरी गाडीतून गळलेलं ऑइल असतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी वळणावर आडवा झालो होतो. वेग जेमतेम तीसचा. ब्रेकला हातही लावला नव्हता, चाक नुसतं खालून निघून गेलं. गुडघ्याला सात टाके पडले आणि महिनाभर जिना चढताना कठड्याला धरावं लागलं. ज्याच्या गाडीतून ते ऑइल गळलं, तो तोवर कोलाडच्याही पुढे गेला असेल. त्याला आजतागायत काही ठाऊक नाही. त्याच्यावर राग धरावा असं मला कधी वाटलं नाही. पण आपल्या मागे काय सांडलं हे त्याला कळायला हवं होतं, असं अजून वाटतं.

मागे काय सांडतं याचा हिशेब ठेवतात तो मोटरसायकल शर्यतीच्या ट्रॅकवर. कोकणात पाऊस उतरतो त्याच दिवसांत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ऊन रणरणत असतं. तिथला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. 1990 साली सुरू झालेला तिथला 3.7 किलोमीटरचा ट्रॅक म्हणजे आपल्याकडच्या मोटरसायकल शर्यतींचं माहेरघर. त्याआधी या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. राष्ट्रीय स्पर्धेच्या मोसमाचा पहिला शनिवार-रविवार गेल्या काही वर्षांत बहुधा जूनमध्येच येतो. देशभरातून पोरं येतात. तेरा वर्षांची, पंधराची, सतराची. आपल्या पुण्याचा सार्थक चव्हाण याच वाटेने गेला, होंडाच्या टॅलेंट कपमध्ये तयार झाला आणि पुढे आशियाई स्पर्धेत उतरला.

असा एखादा मुलगा पहिल्यांदाच मोसमाच्या पहिल्या शर्यतीला जातो, तेव्हा घरच्यांच्या मनात एकच चित्र असतं: सुसाट सुटलेली गाडी. त्या मुलाचा पहिला दिवस मात्र गाडी उभी करून, ती कुणाला तरी दाखवण्यात जातो. तपासणीला रांग लागते. हेल्मेट, हातमोजे, बूट, चामड्याचा सूट, सगळं उलटंसुलटं करून पाहतात. मग गाडी. साइड स्टँड काढलेला हवा, हेडलाइट नको, आरसे नकोत. आणि तपासनीस गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून इंजिनाच्या पोटाखाली बघतो.

तिथे ऑइल सोडायचा बोल्ट असतो. आपल्या गॅरेजमधला पोरगा सर्व्हिसिंगला जो पान्याने फिरवतो, तोच. रेसच्या गाडीत त्या बोल्टच्या डोक्याला आरपार बारीक भोक पाडतात. त्यातून स्टीलची तार ओवतात, पकडीने तिला पीळ देतात आणि दुसरं टोक इंजिनाच्या एखाद्या पक्क्या जागी अडकवतात. पीळ सारखा हवा, सैल नको आणि तुटेल इतका ताणलेलाही नको. तार बांधायची दिशाही ठरलेली असते. बोल्ट सैल व्हायला लागला की तार त्याला उलट आवळण्याच्या बाजूला ओढते. काम दहा मिनिटांचं, पण हात बसायला दिवस लागतात. नवशिक्यांच्या बोटांना त्या तारेची टोकं हमखास टोचतात.

ही तार मला फार मोठी वाटते. हेल्मेट तुझ्या डोक्यासाठी, सूट तुझ्या कातडीसाठी. तार मात्र तुझ्यासाठी नाहीच म्हटलं तरी चालेल. बोल्ट निघून ऑइल सांडलं तर तू कदाचित सरळ निघूनही जाशील. पडेल तो तुझ्या मागून येणारा. म्हणूनच रेडिएटर असलेल्या गाडीत कूलंट घालू देत नाहीत, साधं पाणी भरावं लागतं, कारण कूलंट सांडलं की रस्ता बुळबुळीत होतो. इंजिनाखालचं आवरण खोलगट आणि बंद ठेवतात, इंजिन फुटलंच तर ऑइल त्यात साठावं म्हणून. आरसे काढून टाकले तरी मागच्याचा विचार असा जागोजागी बांधून ठेवलेला असतो. आणि सोळा वर्षांच्या मुलाला आपली गाडी जोरात पळवायची परवानगी हे सगळं करून झाल्यावरच मिळते.

हे नियम कुणा हौशी माणसाने बसल्या बसल्या लिहिलेले नाहीत. 1973 च्या एप्रिलमध्ये फिनलंडचा यार्नो सारिनेन मोसमाच्या पहिल्याच शर्यतीला फ्रान्समध्ये उतरला आणि एकाच दिवशी 250 आणि 500 सीसी, दोन्ही गटांत जिंकला. तो 250 सीसीचा आदल्या वर्षीचा जगज्जेता होता. अशी सुरुवात क्वचितच कुणाला मिळते. महिनाभरात, 20 मे रोजी, इटलीत मोंझाला 250 च्या शर्यतीत पहिल्याच फेरीत रेन्झो पासोलिनी पडला, त्याच्या मागोमाग सारिनेन आणि आणखी कितीतरी जण. पासोलिनी आणि सारिनेन दोघेही गेले. सारिनेन सत्तावीस वर्षांचा होता. आधीच्या शर्यतीत एका गाडीतून सांडलेलं ऑइल ट्रॅकवर तसंच राहिलं होतं, असं तेव्हा अनेकांनी सांगितलं. पासोलिनीचं इंजिन जॅम झालं, असंही सांगणारे आहेत. वाद आजही मिटलेला नाही.

आणि सगळे नियम पाळूनही हा खेळ निर्धोक होत नाही, हे मी लपवणार नाही. बेंगळुरूचा श्रेयस हरीश तेरा वर्षांचा होता. 2023 च्या मोसमात त्याने शर्यतींमागून शर्यती जिंकल्या होत्या. 5 ऑगस्टला याच चेन्नईच्या ट्रॅकवर तो पडला आणि वाचला नाही. त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या सगळ्या शर्यती रद्द झाल्या. त्याचं नाव वाचलं की मला काही सुचत नाही. मी नुसता थांबतो.

पण शर्यतीतला एक झेंडा मी विसरू शकत नाही. काळा झेंडा, मधोमध नारिंगी गोल, शेजारी तुमचा नंबर. अर्थ असा की तुमच्या गाडीत बिघाड आहे, ताबडतोब ट्रॅक सोडा. समजा, असा एखादा नवा मुलगा पहिल्याच शर्यतीत सातवा चालला आहे. कानात वारा आहे, पुढच्याचं मागचं चाक हाताच्या अंतरावर आलं आहे, आई-बाबा कठड्याशी उभे आहेत. त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही. धूर त्याच्या मागे निघतो, तो मागच्यांना दिसतो, त्याला नाही. तरी झेंडा दिसला की त्याने हात वर करायचा, कडेला व्हायचं आणि वर्षभर ज्याची वाट पाहिली ती शर्यत तिथेच सोडायची. दहावी-बारावीतल्या मुलाकडून एवढं मागतात. आणि ती मुलं ते करतात. नंतर पिटमध्ये कोपऱ्यात बसून रडतातही, पण करतात. मला ही मुलं आवडतात.

आमच्या भागातही गाडीवेडी पोरं कमी नाहीत. धावीर महाराजांना रस्त्यावरूनच हात जोडून निघतात आणि कोलाडपर्यंत मूठ पिळतच जातात. त्यांना वेगाची भूक आहे, ती खोटी नाही. त्यांच्यातल्या एखाद्याला कुणीतरी त्या बोल्टचं भोक आणि ती तार दाखवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

एवढं सगळं डोक्यात येईतो उजाडलं होतं. पुलाच्या कडेला कुणीतरी भाताच्या कोंड्याचं फाटकं पोतं टाकलं होतं. कोंडा वरून भिजलेला, आत कोरडा. मी दोन ओंजळी भरून आणल्या आणि त्या मोरपंखी डागावर पसरल्या. मग आणखी दोन. ऑइल कोंड्यात शिरायला लागलं, रंग काळवंडले. चपलेने दाबून पाहिलं तर अजून सरकत होतं. तेवढ्यात अष्टमीच्या बाजूने किटल्या लटकवलेली दूधवाल्याची मोटरसायकल येताना दिसली. रस्त्याच्या मधोमध जाऊन मी दोन्ही हात वर केले.